तिसऱ्या हाकेपर्यंत

छाया हवेत झोपायची.

तशी ती कुठेही झोपायची. ओट्यावर, शाळेच्या बाकावर, कशेळ्याच्या जीपमध्ये अनोळखी बाईच्या मासळीच्या पाटीला टेकून. पण तिची खरी गाढ झोप हवेतली. तिचा जोडीदार नवीन, त्याने तिला कमरेला धरून डोक्यावर उचललं, की त्याचे हात ताठ होईपर्यंत हिचे डोळे मिटलेले. खाली तो स्केट्सवर गिरक्या घेतोय, आणि वर ही एक पाय मागे ताणून, हात पसरून, मान उंच करून अगदी चित्रातल्या परीसारखी. आणि चक्क घोरतेय. घोरणंही नाजूक, मांजराच्या पिल्लासारखं. बघणाऱ्याला वाटायचं, काय तल्लीन झालीय पोरगी.

मुळात ती हलकीच. कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला त्यांचं घर. तिची आत्या अंबाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली, की आधी छायाला ओटीच्या खांबाला लुगड्याने बांधून ठेवायची. एकदा विसरली. फोलपटं उडाली, त्यांच्याबरोबर पोरगीही उडाली, आणि अंगणापलीकडच्या पेंढ्याच्या उडवीवर जाऊन बसली. बसली म्हणजे, झोपली. कुणाला खोटं वाटत असेल तर ती उडवी ज्यांच्या म्हशींनी खाल्ली त्यांना जाऊन विचारावं.

नवीन चार घरं सोडून राहणारा. शाळेत असल्यापासून तो कशेळ्याला याकूबचाचांच्या बर्फाच्या गोदामात कामाला. मासळीवाल्यांना, सरबतवाल्यांना, लग्नाच्या मांडवांना बर्फाच्या लाद्या पोचवायच्या. चाचांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, लादी आवळायची नाय. आवळली की निसटली. धरलीच नाय असं धरायचं. नवीन ते असं शिकला, की त्याच्या हातातली लादी आपण घरीच आहोत अशा समजुतीत शेलूपर्यंत जायची. वितळायचंसुद्धा विसरायची. त्या कामाने त्याचे तळवे कायमचे गार झालेले, रांजणाच्या बुडासारखे.

आता या दोघांना स्केटिंगला लावलं कुणी? तर माधवी मॅडमनी. या बाई लहानपणी तिकडे उत्तरेला थंडीच्या मुलखात बर्फावर स्केटिंग खेळलेल्या. लग्नाने त्यांना मुंबईत आणलं आणि घरांच्या भावाने मुंबईतून शेलूला. तिथल्या नव्या बिल्डिंगीच्या खालच्या पार्किंगमध्ये त्या पोरांना चाकांचे स्केट्स शिकवायच्या. एका रविवारी वाढदिवसाच्या पार्टीचा बर्फ घेऊन नवीन टेंपोतून आला. छाया फेरी मारायला म्हणून बरोबर आली आणि वाटेत झोपली. बर्फ थांबणार नव्हता, आणि टेंपोत पोरीला एकटी ठेवायची नव्हती. म्हणून नवीनने एका खांद्यावर लादी घेतली, दुसऱ्या खांद्यावर छाया, आणि चालू लागला. दोन्ही सारख्याच बेताने. एका थेंबाचा आवाज नाही.

माधवी मॅडमच्या तोंडातून शिट्टी खाली पडली.

"बर्फ ठेव," त्या म्हणाल्या. "मुलगी राहू दे. त्या खांबापर्यंत जाऊन परत ये बघू."

नवीन गेला आणि आला. छायाने कूससुद्धा बदलली नाही. दोघांची जोडी तिथेच ठरली. छायाला ते जाग आल्यावर कळलं.

गावात बोलणी झालीच. कुणाची पोरगी कुणाच्या डोक्यावर, हे शोभतं का, वगैरे. छायाचे वडील धाकलू कमी बोलणारा माणूस. त्याने एवढंच विचारलं की हिला पाडत तर नाय ना तो? नाय म्हटल्यावर तो पुन्हा गवत कापायला गेला. आत्याने मात्र नवीनला बोलावून त्याचे दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, पोराचे हात देवळातल्या फरशीगत हायत, जाऊ दे.

पहिल्यांदा उचललं तेव्हाच छाया वर झोपली, आणि नवीनला वाटलं तिला चक्कर आली. खाली उतरवायची कशी, ती सावरणार कशी, म्हणून बिचारा खांबांमधून गोल गोल फिरतच राहिला, आणि फिरता फिरता हाका मारू लागला. एक हाक मारली, काही नाही. दुसरी मारली, काही नाही. तिसऱ्या हाकेला छायाने डोळे उघडले, "ओ" म्हणाली, आणि पीस उतरावं तशी खाली उतरली.

उतरली ती डोळे चोळत, आणि सांगू लागली वर काय काय दिसलं ते. उल्हास नदी कुणीतरी अंगणात वाळत घातली होती. खालापूरच्या टोलनाक्यावर थांबलेल्या गाड्यांचे लाल दिवे एका बाईने दोऱ्यात ओवून गळ्यात घातले. रसायनीच्या धुरांड्यांतून निघालेला धूर मऊ होता, त्यावरून चालता येत होतं, फक्त चपला काढून. भीमाशंकरचा डोंगर म्हशीसारखा बसला होता, आणि तिने हात लावल्यावर त्याने नुसता कान हलवला.

नवीन ऐकत राहिला. त्याला जन्मात कुणी उचललं नव्हतं. जोडीतला तो खालचा. वर काय असतं ते त्याला छायाकडूनच कळायचं, म्हणून तो रोज विचारायचा आणि छाया रोज सांगायची. चांगला खेळ म्हणजे छायाच्या लेखी हेच होतं. टाळ्या नंतरच्या.

आता ती तिसऱ्याच हाकेला का उठायची? त्याला कारण अंबाबाई आत्या. आत्याने तिला भाताच्या पेजेबरोबर एक गोष्ट भरवली होती. दिवस कलल्यावर बाहेरून कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाय. हाकामारी असते. ओळखीच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढते. एक हाक मारते, दुसरी मारते, पण तिसरी मारायची तिच्यात ताकद नसते. तिसरी आली तर माणूस. नाय आली तर ती. डोंगरातला गोमा पहिल्या हाकेला ओ देऊन घराबाहेर पडला तो अजून यायचाय, असं आत्या सांगायची. गोमाच्या बायकोला विचारलं तर तो कल्याणला वडापावची गाडी लावतो, पण आत्याच्या मते तो आता गोमा राहिलेलाच नव्हता.

छायाच्या हाडात हे इतकं मुरलं की जागेपणी सोडाच, झोपेतसुद्धा ती दोन हाका जाऊ द्यायची. डोक्यावर धरून फिरवायच्या त्या लिफ्टमध्ये वेळ भरपूर. तीन हाका आरामात मावायच्या. जिल्ह्याच्या स्पर्धेत नवीनने खालून हळूच हाक मारली, "छाया." मग, "छाया." मग, "छाये." आणि तिसऱ्या हाकेला वरच्या मुलीने असे डोळे उघडले, जणू हजार वर्षांनी. परीक्षकांना वाटलं नाट्यच आहे. एका बाईंनी डोळे पुसले आणि भरघोस गुण दिले. राज्याच्या स्पर्धेत तर दुसऱ्या जोड्याही हाका मारायला लागल्या. पण त्यांच्या मुली पहिल्यापासून जाग्या, त्यात गंमत काय?

मग माधवी मॅडम म्हणाल्या, चाकं पुरे. आता खऱ्या बर्फावर.

कर्जत तालुक्यात बर्फ म्हणजे मासळीखाली नाहीतर सरबतात. पण याकूबचाचा बर्फाच्या धंद्यात मुरलेले. धाकलूची कोंबड्यांची एक शेड रिकामी पडली होती. चाचांनी पत्र्यावर पेंढा चढवला, भिंतींना तुसाची पोती लावली, दाराला ओली गोणपाटं टांगली, आणि आत लादीला लादी जोडून सगळी जमीन झाकली. सांध्यांत पाणी ओतलं आणि लाद्यांशी काहीतरी बोलले. काय बोलले ते कुणाला सांगितलं नाही. सकाळी आत गेलं तर आरशासारखा एकसंध बर्फ. ऐन मे महिन्यात शेडबाहेर आंबे पिकत होते आणि आत माणसाच्या तोंडातून वाफ येत होती. शेजारच्या लडकूच्या कोंबड्यांना त्या गारव्याची एवढी सवय लागली की स्वेटर घातल्याशिवाय एक कोंबडी खुडूक बसेना. लडकूच्या बायकोने जुन्या मोज्यांचे विणून दिले.

चाकांच्या जागी पाती आली. नवीनला बर्फ नवा नव्हता. फक्त इतके दिवस बर्फ त्याच्या अंगावर होता, आता तो बर्फाच्या. छायाला तर खाली काय आहे याच्याशी कर्तव्यच नव्हतं. पावसाळा सरेपर्यंत दोघं त्या शेडमध्ये अशी घसरायला लागली की गोणपाट बाजूला करून बघणाऱ्याला, पाण्यात दोन मासे खेळतायत की काय, असं वाटावं. आणि छाया वर गेली की तिची स्वप्नंही आता गार, निळी पडायला लागली.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. अडलं ते थ्रोपाशी.

थ्रो म्हणजे काय, तर मुलाने मुलीला नुसतं उचलायचं नाही, भिरकावून द्यायचं. तिने हवेत दोन गिरक्या घ्यायच्या आणि लांब जाऊन, एका पायाच्या पात्यावर, मागे मागे सरकत उतरायचं. देशाच्या स्पर्धेत मोठ्यांच्या गटात थ्रोशिवाय जोडीला कुणी विचारत नाही. आणि थ्रोला वेळ किती? एक हाक मावेल एवढा. तीही घाईची.

नवीनने भिरकावलं की छाया झोपायची. गिरक्या मात्र झोपेतही पडायच्या, माणूस कूस बदलतो ना, तशा. एक कूस, दुसरी कूस. पण उतरायची ती अंथरुणात पडावं तशी. पाय पोटाशी घेऊन, एका अंगावर, धप्प. नवीन ओरडत धावायचा. त्याची दुसरी हाक होईपर्यंत ती पडलेली असायची आणि तिसरीला डोळे उघडून विचारायची, मी खाली कशी? आत्याची हळद त्या वर्षी दिवाळीच्या आत संपली.

मग तिला जागी ठेवायचे प्रयोग झाले. मॅडमनी कडू काळी कॉफी पाजली. धाकलूने तोंडात हिरवी मिरची धरायला दिली. चाचांनी बर्फाचा खडा मानेमागून आत सोडला. छाया जागी राहिली खरी, पण जागी छाया म्हणजे भिजलेल्या भाताचं पोतं. तिला खालची जमीन दिसायची, नवीनच्या मानेवरची फुगलेली शीर दिसायची, आपण केवढ्या उंच आहोत ते दिसायचं, आणि हाडन् हाड जड व्हायचं. लाद्या खेळवणाऱ्या नवीनला ती कमरेच्या वर नेता येईना.

म्हणजे झोपली तर पडते, आणि जागी राहिली तर वर जात नाही.

माधवी मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी एका संध्याकाळी छायाला शेडच्या पायरीवर शेजारी बसवून सांगितलं. रसायनीची इल्मा रविवारी शिकायला यायची. वडील तिकडे कंपनीत, मुलगी चुणचुणीत, पाय पक्के, आणि जागी. या थंडीत स्पर्धा. तोवर थ्रो जमला नाही तर पुढे नवीनबरोबर इल्मा. छायाला अशी आपटत राहिलेली मॅडमना बघवत नव्हती.

"एखाद दिवस मान मोडेल गं तुझी," त्या म्हणाल्या. "मी काय सांगू तुझ्या वडलांना, झोपली होती म्हणून?"

छाया उठली. घरी येऊन ओट्यावर आडवी झाली, आणि तिच्या जन्मात पहिल्यांदा तिला झोप आली नाही. ती आढ्याकडे बघत राहिली. नवीनचे हात गेले म्हणजे हवा गेली. मग उरलेला जन्म इथून, एवढ्या उंचीवरून बघायचा. नदी नदीसारखी आणि डोंगर डोंगरासारखा.

दुसऱ्या दिवशी तिने आत्याला गाठलं. म्हणाली, मला पहिल्या हाकेला ओ देऊ दे.

आत्या चुलीपुढे बोंबील भाजत होती. "मी कोण देऊ देणारी?" ती म्हणाली. "नेम काय मी केलाय?"

"मग कुणी केलाय?"

"तिनेच केलाय. तिला तिसरी मारता येत नाय, त्याला मी काय करू गं?"

पण भाचीचं तोंड बघून तिला राहवलं नाही. दिवेलागणीला तिने नारळ घेतला, हळदकुंकू घेतलं, आणि वेशीबाहेरच्या चिंचेखाली जाऊन हाकामारीशी बोलून आली. काय ठरलं विचारलं तर म्हणाली, फार हट्टी बाई हाय, नारळ ठेवून घेतला आणि ऐकलं काहीच नाय.

शेवटी तोड काढली नवीनने. दुपारी लाद्या उतरवून झाल्यावर तो शेडमध्ये आला आणि म्हणाला, छायाला तीनच हाका हव्यात ना? मग तिन्ही वरच कशाला मारायच्या? दोन जमिनीवर मारतो. तिसरी तेवढी वर.

इतकी साधी गोष्ट, पण सुचायला दिवाळी जावी लागली. पाठीमागून तिची कंबर धरून घसरता घसरता नवीन हळूच म्हणायचा, "छाया." एक वळण घेऊन पुन्हा, "छाया." तिच्या पापण्या जड व्हायच्या. मग सोडलं. एक कूस, दुसरी कूस, आणि बरोबर तिथे, ना आधी ना नंतर, "छाये!" डोळे उघडे, पाय खाली, पातं बर्फावर, सर्रर्र करत मागे. पहिल्यांदा जमलं तेव्हा चाचांनी गोणपाटाआडून टाळ्या वाजवल्या आणि एक पोतं तूस अंगावर पाडून घेतलं. इल्मानेही वाजवल्या. तिला मनातून एकटीनेच खेळायचं होतं, हे ती मॅडमना सांगायची सोय बघत होती.

स्पर्धा उत्तरेला, पहाडातल्या एका शहरात. तिथला रिंक म्हणजे एवढा मोठा की त्यात कशेळ्याचा बाजार बसावा आणि वर एसटीला वळायला जागा उरावी. बर्फावरून पांढरं धुकं रांगत होतं. दिवे त्या धुक्यात विरघळून सगळीकडे सारखाच उजेड, सावली कुणालाच नाही. छायाच्या अंगावर नवीनच्या आईने टिकल्या लावून दिलेला निळा झगा. नवीन तिच्या शेजारी उभा होता आणि त्याचे तळवे नेहमीपेक्षा गार होते. सगळ्यांना माहीत होतं, इथे थ्रो उतरला तर जोडी राहिली. नाही उतरला तर ही शेवटची वेळ.

संगीत सुरू झालं, आणि दोघं निघाली.

पुढचं छायाला नीट आठवत नाही, कारण ते इतकं गुळगुळीत झालं. पाती बोलत नव्हती. धुकं बाजूला होऊन वाट देत होतं. मग नवीनचे हात मागून कमरेला लागले. कानाशी "छाया" आलं. वळण झालं. पुन्हा "छाया" आलं. पापण्या मिटल्या, आणि नवीनने तिला सोडून दिलं.

ती वर गेली.

वर संध्याकाळ होती. सगळा मुलूख गोठला होता, पण कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पाताळगंगा पांढरी आणि टणक झाली होती आणि खालापूरच्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन तिच्यावरून सरळ पलीकडे चालल्या होत्या. रसायनीचा धूर खांबांसारखा उभ्या उभ्याच थांबला होता, त्यावर बगळे ओळीने बसले होते. शेलूच्या बिल्डिंगींच्या गच्च्यांवर लोकांनी चांदणं वाळत टाकलं होतं. छाया कशेळ्याच्या बाजारावर तरंगत होती. खालून दोन हाका आल्या होत्या, दोन धुळीच्या रेघांसारख्या त्या अजून हवेत होत्या. तिसरी येईल म्हणून ती थांबली.

तिसरी आली नाही.

तिने एक कूस बदलली. नाही आली. बाजारातले दिवे एक एक करून मालवायला लागले. घराच्या दारात आत्या उभी होती, इतक्या लांबूनही स्पष्ट दिसत होती, आणि नाही नाही म्हणून मान हलवत होती. दोन हाका आल्या आणि तिसरी आली नाही, याचा अर्थ छायाला जन्मापासून माहीत होता. आवाज नवीनचाच होता, अगदी त्याचाच. पण ती तर तसाच काढते. पोरगी हवेत, झोपेत, भीतीने गार पडली. ओ दिली तर गोमासारखी गेली. नाही दिली तर अशीच लटकत राहणार, दिवे मालवलेल्या बाजारावर.

आणि तेव्हा तिला कमरेपाशी काहीतरी जाणवलं. गार होतं. दोन तळव्यांएवढं, ओल्या फडक्याचा डाग वाळत जावा तसं कडेकडेने पुसट होत चाललेलं. छाया त्या डागाचा विचार करू लागली. आत्याने हाकामारीच्या एवढ्या गोष्टी सांगितल्या, केस सांगितले, पाय सांगितले, आवाज सांगितला. पण तिला हात असतात असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. ती नुसती हाक असते. धरत नाही कुणाला.

ज्याने धरलं होतं त्यानेच हाक मारली होती.

"ओ," छाया म्हणाली.

डोळे उघडले तेव्हा बर्फ हातभर खाली होता. पायाला काय करायचं ते माहीत होतं. पातं टेकलं, सर्रर्र वाजलं, आणि ती हात पसरून मागे, मागे, धुक्यातून लांब एक गोल काढत निघाली. उभी. जागी. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि मधेच थांबवल्या.

कारण नवीन पालथा पडला होता. तिला भिरकावताना त्याच्या पात्याचं टोक बर्फात रुतलं, आणि तिसऱ्या हाकेला उघडलेलं तोंड तसंच हनुवटीवर आपटलं. जीभ दातांखाली आली. हाक तिथेच, तोंडात राहिली.

छाया त्याच्यापाशी येऊन थांबली. बर्फावर लाल थेंब होते. त्याने मान वर केली नाही. तिला पडलेलं बघायची त्याला सवय होती, आणि आज तर त्याने हाकही मारली नव्हती. कठड्यापलीकडे मॅडमनी तोंडावर हातमोजे दाबून धरले होते.

"नवीन," छाया म्हणाली.

त्याच्या घरात असला काही नेम नव्हता. पहिल्याच हाकेला त्याने वर बघितलं. दोन पायांवर उभी असलेली, टक्क डोळ्यांची छाया बघितली, आणि तोंडातलं रक्त गिळून उठला.

एवढ्यात संगीत संपलं. नियमाने तिथे खेळही संपला, पुढे काही केलं तर त्याला गुण नाहीत. पण शेवटची लिफ्ट राहिली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुन्हा घसरायला लागली, त्या शांततेत, जिथे नुसता पात्यांचा आवाज. परीक्षक पेनं खाली ठेवून बघत राहिले. कितवा नंबर आला म्हणाल, तर कशेळ्यात ज्याला विचारावं तो वेगळा सांगतो. चाचा तर पहिलाच सांगतात.

नवीनचे हात कमरेला लागले. छायाला धडकी भरली, कारण ती टक्क जागी होती. आता पोतं होणार. आता हा कमरेपर्यंत नेईल आणि थांबेल. पण ती वर गेली. खांद्यापर्यंत, डोक्यापर्यंत, आणि मग त्याचे हात ताठ झाले.

वर नदी नव्हती. म्हशीसारखा डोंगर नव्हता. पत्रे होते, त्यांना लटकलेले दिवे होते, एका पाइपावर एक कबुतर अंग फुगवून बसलं होतं. छायाने खाली बघितलं. इतक्या वर्षांत तिने नवीनचं डोकं वरून कधी बघितलंच नव्हतं. घामाने केस चिकटले होते आणि टाळूवर, शेजारी शेजारी, दोन भोवरे होते.

तिला हसू आलं. आधी नाकातून, मग सगळ्या अंगातून. हसता हसता ती अशी हलकी झाली की नवीनला वाटलं हातात नुसता झगाच राहिला की काय.

"काय झालं गं?" तो खालून चावलेल्या जिभेने बोबडं बोलला. "झोपली नायस?"

"नवीन, तुला दोन भोवरे हायत रं."

"मग?"

"मग दोन लग्नं हायत तुझी."

"बरं, हायत. आता उतर. हात भरून आले."

"थांब रं जरा," छाया म्हणाली, आणि मान उंच करून, डोळे मोठे करून तिने पुन्हा एकदा सगळीकडे बघितलं. "अजून बघतेय मी."